दोन दारांची कोठी

झाडांना अजून कुंपणं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका चिंचेच्या ढोलीत खारींचं मोठं कुटुंब राहायचं. चिंचोक्यांची कोठी एकच, पण तिला दारं दोन. वरच्या दाराशी सासूबाई बसत, खालच्या दाराशी गुंडूभावजी. आत जाणारा काही बोलला नाही, तर सासूबाई धरून चालत की हा नुसता बघायला आलाय, आणि परतताना त्याचं तोंड उघडून पाहत. भावजी धरून चालत की न्यायला आलाय, आणि पुन्हा डोळे मिटून घेत.

पावसाळा तोंडावर आला आणि चिंचोके कमी पडायला लागले. संशय अर्थातच नव्या सुनेवर, उमीवर.

"माहेरी उपाशी ठेवत होते वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "उद्या पोचवूनच येते तुला."

उमी उठली, भावजींना काही न सांगता खालच्या दारानं आत गेली आणि चिंचोक्यांचा ढीग आणून सासूबाईंपुढे ओतला.

"कुणाला विचारून आणलेस?"

"मला तरी कुणी विचारलं, आई? तुमच्या दारात अडवतात, भावजींच्या दारात घोरतात."

सासूबाई बराच वेळ शेपूट विंचरत बसल्या. मग नियम झाला: दार कुठलंही असो, न बोलणारा फक्त बघणार, न्यायचं असेल त्यानं तसं सांगून जायचं. खालचं दार उमीकडे आलं.

दुसऱ्याच दुपारी त्या दारातून सासूबाई लगबगीनं बाहेर पडल्या.

"आई, बघायला गेला होतात की न्यायला?" उमीनं अदबीनं विचारलं.

सासूबाईंना उत्तर द्यायचं होतं, पण तोंड मोकळं नव्हतं.