प्राचार्यांची चिठ्ठी

प्राचार्य घारपुरे यांना वसतिगृहातल्या तक्रारपेटीचं कोण कौतुक! सात वर्षं पेटी रिकामी, म्हणजे आपल्याकडे रॅगिंग नाहीच, असं ते येईल त्याला ऐकवत. पेटीची किल्ली ते दरवर्षी मोठ्या विश्वासाने शेवटच्या वर्षाच्या एका मुलीकडे देत; यंदा ती शलाकाकडे होती. आणि नव्या मुलींकडून स्वतःचे कपडे धुऊन घेणारी तीच!

सोमवारी रॅगिंगविरोधी सप्ताह सुरू झाला. पेटीला हार घालून झाल्यावर पहिल्या वर्षाची मुक्ता टेकाळे म्हणाली, "सर, पहिली चिठ्ठी तुमच्या हातची पडू दे."

सर खुलले. त्यांनी चार ओळी शुभेच्छा लिहून पेटीत टाकल्या.

शनिवारी तपासणी समिती आली. शलाकाने कुलूप काढलं आणि सर गरजले, "बघा, एकही चिठ्ठी नाही!"

"मग सर, तुमची कुठे गेली?" मुक्ताने विचारलं.

सर गोंधळले. त्यांनी पेटीत हात घातला, पेटी उलटी करून ठोकली, सुकलेल्या हाराखालीही पाहिलं. "अहो, मी स्वतः टाकली होती... सगळ्यांसमोर!"

"आमच्या जिथे जातात तिथेच गेली असेल, सर," मुक्ता म्हणाली.

समितीतल्या बाईंनी किल्लीसाठी शलाकापुढे हात केला.