गोजराबाईचं ऊन

विषय : मौजे आंबेकुरण येथील कै. गोजराबाई यांनी म्हातारपणी स्वतःच्या पाठीवरील चामखीळ काढवून घेतल्याबाबत.

संदर्भ : १) गावातील म्हाताऱ्या माणसांचे सांगणे. २) लेखी पुरावा नाही.

उपरोक्त विषयास अनुसरून हकीकत अशी, की फार वर्षांपूर्वी, आंबेकुरणला अजून एसटी येत नव्हती आणि तलाठीही वर्षातून दोनदाच येत होता, तेव्हा गावात गोजराबाई नावाची बाई होती. ती न्हाव्याच्या घरची. नवरा गावाच्या दाढ्या करी आणि ती गावाच्या चामखिळी काढी. नवऱ्याचं नाव आज कुणाला आठवत नाही.

पन्नाशी उलटली की माणसाच्या मानेवर, काखेत, पापणीवर काही ना काही उगवतं. आंबेकुरणचे लोक म्हणत, जुन्या आंब्याला बांडगूळ आणि जुन्या माणसाला चामखीळ. दोन्हींना पाणी घालावं लागत नाही. त्यातून कुणी मरत नाही. पण ती गळ्यातल्या पोतीत अडकते, सदऱ्याच्या गळपट्टीला घासते, आणि नातवंडं मांडीवर बसली की ती ओढून बघतात. मग म्हातारी माणसं गोजराबाईच्या ओट्यावर येत.

तिची रीत साधी होती. घोड्याच्या शेपटीचा एक केस घ्यायचा, चामखिळीच्या देठाला वेढे द्यायचे आणि गाठ आवळायची. सातव्या दिवशी चामखीळ वाळून गळून पडे, आणि ती पडल्याचं माणसाला आंघोळ करताना कळे. वेढे देताना गोजराबाईचे ओठ हलत. तो मंत्र होता. सासूने मरताना तो तिच्या कानात सांगितला आणि शपथ घातली, की बाहेर बोललीस तर हाताचा गुण जाईल. असं म्हणतात.

गावात घोडी एकच, इनामदारांची, पांढरी. केस संपले की ती आपणहून दावं सोडवून न्हाव्याच्या दारात येई, पाठमोरी उभी राही आणि शेपूट पुढे करी. चाळीस वर्षं केस उपटूनही त्या शेपटीतला एक केस कमी झाला नाही. घोडी चाळीस वर्षं जगते का, असं आंबेकुरणात कुणी विचारत नाही.

एकदा खुद्द इनामदार आले. पायाच्या अंगठ्यावर मुगाच्या डाळीएवढा काळा डाग होता, तो काढून हवा होता. गोजराबाईने तो उन्हात धरून पाहिला आणि सांगितलं, याला मी केस लावणार नाही, तुम्ही मोठ्या दवाखान्यात जा. इनामदारांना नकार ऐकायची सवय नव्हती. ते म्हणाले, माझ्याच घोडीचे केस आणि मलाच नाही? त्यांनी स्वतः घोडीच्या शेपटीला हात घातला, तर तिने शेपूट अशी आवळून धरली, की चार गड्यांनाही ती सुटेना. तेव्हा कुठे बैलगाडी जुंपली गेली. दोन दिवसांच्या वाटेवरच्या दवाखान्यात त्यांचा अंगठा काढला, आणि इनामदार पुढे बावीस वर्षं नऊ बोटांवर जगले. त्यानंतर गोजराबाईच्या होकारापेक्षा तिच्या नकाराला गाव जास्त मानू लागलं.

अशी तिची सत्तरी आली. आणि एका सकाळी पाठ चोळताना तिच्या बोटांना, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी लागलं.

बोटाचं टोक तेवढं पोचत होतं. काहीतरी आहे एवढं कळे, काय आहे ते कळत नव्हतं. तिने नवऱ्याच्या पेटीतला आरसा काढला, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आरशात तिला पाठीऐवजी धुकं दिसलं. सुनेला विचारलं. सून चांगल्या वळणाची होती, तिने न बघताच सांगितलं, "काही नाही आत्याबाई, डास चावला असंल." तीन महिने टिकलेला तो आंबेकुरणातला एकमेव डास. मुलाला विचारलं, तर त्याने आईला काळजी नको म्हणून तेच सांगितलं.

मग ती हळूच शेजारणींकडे गेली. वाणीण म्हणाली, मुगाच्या डाळीएवढी आहे. सोनारीण म्हणाली, दोन गुंजा भरेल. गुरविणीने नुसता अंगारा लावला. रंग कसा, म्हणून विचारलं तर एक म्हणाली काळा, दुसरी म्हणाली तांबूस, आणि तिसरीने रंगाकडे लक्षच दिलं नव्हतं.

मुगाची डाळ ऐकल्यापासून गोजराबाईला अन्न गोड लागेना. इनामदारांचा डागही तेवढाच होता. चाळीस वर्षांत तिने हजार माणसांना सांगितलं होतं, की ही साधी आहे, ही साधी नाही. आता तिच्याच पाठीवर कोणती आहे हे सांगणारं माणूस साऱ्या पंचक्रोशीत नव्हतं, कारण तिने ते कुणाला शिकवलं नव्हतं. गुण जाऊ नये म्हणून तिने तो इतका जपला होता, की तो तिलाही मिळेना.

गावात एकच बाई अशी होती, जी गोजराबाईला बरं वाटावं म्हणून कधी खोटं बोलली नसती. ती तुळसा कासारीण. दोघींचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. तुळसाच्या नाकाच्या शेंड्यावर चामखीळ होती, आणि ती काढायला आली तेव्हा गोजराबाई चार बायकांत म्हणाली होती, की राहू दे, तेवढीच काय ती शोभा आहे.

तर पौषातल्या एका रविवारी, सकाळी, गोजराबाई कासाराच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तुळसा बांगड्या उन्हात धरून तडा शोधत होती. केसाएवढा तडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. समोरच्या आडावर बायका पाणी शेंदत होत्या, त्यांचे हात थांबले.

"कासारणी, माझी पाठ बघ."

"अकरा वर्सं तोंड न्हाई दाखवलंस, आता पाठ दाखवतेस?"

"तोंडात काय बघण्यासारखं ऱ्हायलंय? पाठ बघ."

तुळसा म्हणाली, मी बघून काय करू, मला त्यातलं काय कळतंय, तुझा मंतर तुझ्यापाशी. तेव्हा गोजराबाई अंगणातच बसली आणि आडावरच्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने सासूची शपथ मोडली.

"मंतर न्हाई. मी वेढे मोजते, बाई. एक, दोन, तीन. सासू म्हनाली, मोजताना चुकू नगंस. एवढंच."

असं म्हणतात, की त्या वेळी वारा पडला आणि निंबावरचे कावळे गप्प झाले. ती बोलत राहिली. बघायचं ते सकाळच्या उन्हात. रंग एकच आहे का सरमिसळ, ते बघायचं. कड गोल आहे का फाटल्यासारखी, ते बघायचं. बारीक देठ आहे का बूड पसरलंय. आपसूक रक्त येतं का, थोडक्या दिवसांत वाढली का. जरा जरी शंका आली, तरी केस लावायचा नाही, गाडी जुंपायची. आणि ज्याला खरं सांगवत नाही त्याने बघायचं नाही.

तुळसाने हातातली बांगडी खाली ठेवली. गोजराबाईच्या पाठीवरचा पदर बाजूला केला आणि ती बघू लागली. ती इतका वेळ बघत राहिली, की निंबाची सावली हातभर सरकली आणि आडावरच्या घागरी आपोआप भरल्या. गोजराबाईने त्या वेळात एकदाही श्वास घेतला नाही.

"रंग तुझ्या अंगासारखाच," तुळसा म्हणाली. "कड गोल. देठ बारीक, बोरावानी लोंबतीय. रगत न्हाई." मग पदर सारखा करून म्हणाली, "मरत न्हाईस तू, गोजरे. माझ्या नशिबाला अजून लई वर्सं हायेस."

गोजराबाई रडली, असं काही म्हणतात. ती हसली, असं बाकीचे म्हणतात.

इकडे गावात बातमी फुटली, की न्हाविणीने मंत्र सांगून टाकला. गुण गेला म्हटल्यावर पडलेल्या चामखिळी परत येणार, या भीतीने त्या दुपारी साऱ्या गावाने आपापली मान चाचपली. इनामदारांनी पायाची बोटं मोजली, ती नऊच होती. चामखीळ एकही परत आली नाही. उलट तुळसाने गोजराबाईच्या पाठीवर बांधलेला केस सातव्या दिवशी चामखिळीसकट गळून पडला. आणि पांढरी घोडी, जी तोवर फक्त न्हाव्याच्या दारात उभी राही, ती चावडीपुढे येऊन उभी राहिली आणि तिने शेपूट साऱ्या गावाकडे केली.

तुळसाच्या नाकावरची तेवढी राहिली. गोजराबाई स्वतः केस घेऊन गेली होती, पण तुळसा म्हणाली, असू दे, तुला नाव ठेवायला काहीतरी लागेल. त्यानंतर दोघी रोज भांडत. गोजराबाई एकशेपाच वर्षं जगली. जन्माची नोंद नसल्याने यावर हरकत घेता येत नाही.

आता आंबेकुरणात घोडी नाही, आणि केसही कुणी बांधत नाही. डॉक्टर ते काम दोन मिनिटांत करतात. पण पौषातल्या पहिल्या रविवारी साठीच्या पुढची सगळी माणसं सकाळी उन्हात जमतात. पुरुष चावडीपुढे, बायका कासाराच्या अंगणात. एकमेकांच्या पाठी, माना, कानांमागच्या जागा बघतात. घरच्यांनी बघायचं नाही, असा नियम आहे. शक्यतो ज्याच्याशी बोलणं नाही त्यानेच बघायचं. या दिवसाला गोजराबाईचं ऊन म्हणतात. शंका आलेल्यांना त्याच दिवशी जीपमध्ये घालून जिल्ह्याला नेतात. आजवर सहा जण असे वेळेत गेले, आणि त्यांतले पाच जण दर पौषात उन्हाला बसतात.

बाकीच्यांना साधी चामखीळ काढायलाही जिल्ह्यापर्यंत जावं लागतं आणि गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्या एका दिवशी गावात त्वचेचा डॉक्टर पाठवावा, असा अर्ज गावाने संबंधित कार्यालयाकडे केला. कार्यालयाने कळवलं, की सदर गाठी निरुपद्रवी असल्याचे अर्जात नमूद आहे, निरुपद्रवी बाबीसाठी डॉक्टर देण्याची तरतूद नाही, तरी खुलासा व्हावा. गावाने खुलासा केला, की त्या निरुपद्रवी आहेत हे बघितल्यावर कळते, आणि बघण्यासाठीच डॉक्टर मागितला आहे.

खुलासा मिळाल्याची पोच आली आहे. अर्ज प्रलंबित आहे.