दहा लाख अठरा हजार एक्याऐंशी

“मग? फुटला का आकडा?”

सोपानगीर महाराजांनी डोळेही न उघडता विचारलं.

“कुणाच्या बापाला फुटायचा नाही, महाराज!” मुकुंद छाती फुगवून म्हणाला.

गोदाकाठच्या त्या मठाची रीतच होती. शिष्याच्या हाती पाठशाळा सोपवण्याआधी महाराज त्याला एक आकडा देत. त्याचे भाग पाडून दाखवायचे, नाहीतर तो मूळ संख्या आहे, एक आणि तो स्वतः सोडून कशानेच त्याला भाग जात नाही, हे सिद्ध करायचं. मुकुंदाच्या वाट्याला दहा लाख अठरा हजार एक्याऐंशी आला होता. पाठशाळेसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. ती नाही मिळाली तर गावी जाऊन भावाच्या दुकानात तागडी धरायची.

“कसा तपासलास?”

“दोनापासून धरलं. तीन, पाच, सात, अकरा... एकही मूळ संख्या सोडली नाही. बोटं झिजली, पण दर वेळी बाकी उरतेच!”

“शेवटचा भागाकार कितीचा?”

“नऊशे सत्त्याण्णवचा.”

“तिथे का थांबलास?”

मुकुंदाला हसूच आलं. हे काय विचारणं झालं!

“आकडा फुटणारा असेल तर वर्गमुळापर्यंत त्याचा एक तरी भाजक सापडलाच पाहिजे, महाराज. हजार गुणिले हजार, दहा लाख. हजाराच्या पुढे कशाला तंगडतोड करायची?”

“तुझा आकडा दहा लाख आहे?”

“दहा लाख... आणि वर थोडे.”

“थोडे म्हणजे?”

“अठरा हजार...”

मुकुंदाची जीभ अडखळली.

महाराजांनी डोळे उघडले. पाटी त्याच्यापुढे सरकवली.

हजारानंतरची पहिलीच मूळ संख्या एक हजार नऊ. मुकुंदाने भागाकार मांडला... बाकी शून्य. आणि उत्तर आलं तेही एक हजार नऊच! अरे देवा! दारापर्यंत येऊन, कडी न वाजवताच तो मागे फिरला होता.

त्याची कानशिलं तापली. डोळ्यांत पाणी आलं.

“चुकलो, महाराज. घाई नडली, आणि वर मिजास केली. उद्या गावी निघतो.”

महाराज घोंगडीवरून उठले आणि खाली जमिनीवर बसले. मग रिकाम्या घोंगडीवर त्यांनी हाताने थोपटलं.

“बस इथे. सकाळी पोरं येतील शिकायला.”

“मी? अहो, पण माझं उत्तर तर चुकलं!”

“हं.”

“बरोबर आलं असतं तरच पाठशाळा मिळायची ना?”

“बरोबर उत्तर आधी दोघं घेऊन आले होते. दोघांनाही परत पाठवलं.”

मुकुंदाचे पाय घोंगडीकडे वळेनात.

“असं का, महाराज?”

महाराज हसले.

“पोरं रोज चुकतात, मुकुंदा.”