पाटावरचा कडू

त्या मुलखात प्रत्येक घरी एकच पाट असे, आणि पाटावर बसलेल्या पाहुण्याला ऊठ म्हणायची रीत नव्हती. तो बसेल तोवर घरातलं सगळं त्याच्या पुढ्यात वाढायचं.

जिवबाची पाठ धरली होती, तेव्हा गुंगी आली. तिनं पाठीवरून हात फिरवला आणि जिवबानं कौतुकानं तिला पाट दिला. इथंच बिचारा फसला. गुंगी रोज येऊ लागली. दूध संपलं, भाकरी संपली, आणि जिवबाची लेक, भूक नावाची, दाराआड वाळत गेली. पोरीनं मागणंसुद्धा सोडलं, तेव्हा कुठं जिवबाला जाग आली. पोर गेली तर घरात उरणार कोण?

त्यानं गुंगीच्या थोरल्या भावाला, कडूला निरोप धाडला. दोघं अफूच्या एकाच शेतातली, एकाच झाडाची. कडू आला तो फाटकाशीच थांबला.

"आत या की!"

"पाट रिकामा हवा. ती बसलेली असताना मी आलो, तर आमच्या झटापटीत तुझंच घर मोडेल. सात दिवस तिला दार उघडू नकोस, मग बोलाव."

ते सात दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. जिवबा पुढच्या दारातून मागच्या दारी नुसत्या येरझारा घालत होता. अंगाला कापरं, नाकाडोळ्यांतून पाणी. बाहेरून गुंगी गोड हाका मारी. चारदा त्याचा हात कडीवर गेला.

आठव्या दिवशी कडू आत आला आणि मांडी ठोकून पाटावर बसला. ना पाठीवर हात, ना गोड शब्द. पाणीसुद्धा मागेना. गुंगी आली, पाट अडलेला पाहून फाटकाशी परतली. पण जिवबाला चैन कुठली?

"काका, निदान बोला तरी!"

"मी बोलायला नाही, बसायला आलोय."

उचलून बाहेर फेकावा, असा जिवबाला त्याचा राग आला.

असे कितीतरी दिवस गेले. मग एका सकाळी भूक दाराआडून बाहेर आली. घरच्या पोरीला कसली आलीय रीत! तिनं कडूला कोपरानं ढोसलं.

"सरका ना काका."

कडू मुकाट्यानं उठला. पोर पाटावर बसली.

"बाबा, वाढ."

घरात मूठभर पीठ होतं. गुंगी फाटकातून हाका मारत होती, भूक त्याहून मोठ्यानं ताट वाजवत होती, आणि जिवबा दोघींचं ऐकत भाकरी थापत होता.