पिस्टनवरची कपबशीची माती

आमच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात चहालाही पायरी होती. कामगारांना स्टीलचा पेला, साहेबलोकांना चिनी मातीचा कप.

चाचणी विभागातले फिटर तुळशीराम घोटणे यांनी पिस्टनच्या माथ्यावर सिरॅमिकचा, म्हणजे चिनी मातीच्याच जातीचा, पातळ थर चढवला. आतली उष्णता आतच राहिली, डिझेल कमी लागलं. संचालक रणनवरेसाहेबांनी मात्र तो पिस्टन भर बैठकीत टेबलावर आपटला.

"चाळीस वर्षं इंजिनात काढली मी. आता ही कपबशीची माती मला उष्णता शिकवणार?"

तेवढ्यात चहा आला. तुळशीरामांनी रुमाल गुंडाळून आपला पेला उचलला.

"साहेब, चाळीस वर्षं आमचे हात भाजतायत आणि तुमचा चहा गरम राहतोय. हे ठाऊक होतं म्हणूनच कप तुमच्याकडे ठेवलेत ना?"

साहेबांनी चहा न पिताच कप खाली ठेवला.

आठवड्याभरात सगळ्या कामगारांना कप मिळाले. थराची फाइल मात्र साहेबांनी कायमची बंद केली, आणि तुळशीराम त्याच वर्षी निवृत्त झाले.

डिझेल वाचल्याच्या आकड्यांवर विभागप्रमुख म्हणून माझी सही होती. त्या बैठकीत मी तुळशीरामांच्या शेजारीच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही. माझ्याही हातात कपच होता.