रेडिएटर मावशीचे लाड

लई जुनी गोष्ट हाय, म्हंजे कंप्युटर जुना होता, एवढंच. त्याच्या पोटात चिप राहायची. काम करून करून बिचारी तापायची. मग पाणी तिची ऊब उचलून नळीतून रेडिएटर मावशीकडं न्यायचं, अन् मावशी पंख्याच्या वाऱ्यानं त्याला गार करायची. पंप मागून ढकलायचा.

मावशी भारी मायाळू. पाण्याला म्हणायची, "आलास की पळालास! टेक की मेल्या जरा, चांगला गार करते."

पाणी लाडावलं. "पंपदादा, हळू ढकल की." पंप आधीच आळशी, तो डुलक्याच घ्यायला लागला.

मावशीपाशी पाणी थंडगार झालं. पण तिकडं चिपपाशीही पाणी बसूनच होतं की! ते कढत झालं. चिप किंचाळली, "मावशे, तुमचे लाड चाललेत, मी जळाले इथं!"

मावशी चपापली. हातातलं पाणी कवाच गार झालेलं, अन् ही उगाच वारा घालत बसलेली.

"पंप्या, ऊठ! अन् तू रे, पळ तिच्याकडं. थोडाच गार झालास तरी चालंल, पण सारखा येत जा."

"मग तुझी माया गं?" पाणी रुसलं.

"येशील तवा गालगुच्चा घेईन, अन् लगेच हाकलीन!"