हौसाचं विरजण

धुक्यात बुडालेल्या रानाच्या कडेला एक काळवंडलेली झोपडी होती. तिथे हौसा, तिचे लाकूडतोडे बाबा आणि धाकटा भाऊ सुक्या राहायचे. आई नव्हती. सुक्याच्या पोटात सारख्या कळा यायच्या. त्याच्या गालांवरचा गुलाबी रंग पार पुसून गेला होता.

"ताई, पोटात आग होतेय गं," तो कण्हायचा. हौसा नुसती त्याच्या पोटावरून हात फिरवायची.

एका सकाळी ती औषधी पाला शोधायला रानात गेली. दवाने चमचमणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी फडफडत होतं. हौसाने अलगद जाळं सोडवलं. आत होती शिंपल्याच्या रंगाच्या पंखांची इवलीशी परी!

"मला सोडवलंस! काय हवं तुला, बाळ?" परीने विचारलं.

"माझ्या भावाला बरं करा, परीबाई."

परीचा चेहरा उतरला. "एका फुंकरीत ते मला जमणार नाही गं. आपल्या आतड्याला आतून पाकळीसारखं नाजूक अस्तर असतं. त्याचं ते लाल होऊन सुजलंय." तिने पानाच्या द्रोणात दोन चमचे दही दिलं. "यात डोळ्यांना न दिसणारे चिमुकले जीव आहेत. ते अस्तराची राखण करतील, दांडग्या जंतूंना तिथे बसू देणार नाहीत. सूज हळूहळू उतरेल. रोज थोडं त्याला दे, थोडं दुधात विरजायला ठेव. पण चुलीवर ठेवू नकोस, ते मरतील. आणि कुणी मागितलं तर नाही म्हणू नकोस."

थंडी वाढली. घरच्या एकुलत्या एका शेळीचं दूध आटत चाललं. एके दिवशी सुक्याला भरवून चमचाभरच दही उरलं होतं, तेवढ्यात दारात गावातली भागीकाकू आली. हौसाला विहिरीवरून हाकलणारी हीच ती!

"माझी पोरगी पोटदुखीने तळमळतेय गं," ती रडत म्हणाली.

हौसाने अर्धा चमचा तिला दिला. उरलेला अर्धा कोमट दुधात घातला. गारठ्यात दूध काही विरजेना. चूल शेजारीच धगधगत होती. हौसाने तिकडे पाठ केली, वाडगा पोटाशी धरला, आपली एकुलती एक चादर त्याच्याभोवती गुंडाळली आणि दिवसभर कुडकुडत बसली.

तिन्हीसांजेला वाडग्यात पांढरंशुभ्र, घट्ट दही लागलं होतं.

असे कितीतरी उदास दिवस गेले. मग एका सकाळी सुक्या उठून बसला.

"ताई, भूक लागली. भाकरी दे ना!"

हौसाला हुंदका फुटला. दारात परी उभी होती.

"मी फक्त विरजण दिलं," ती हसून म्हणाली. "जगवलंस तू."

सोनेरी, मोतिया, गुलाबी उजेडाचा एक झोत धुक्यात उसळला आणि परी त्यात विरून गेली. सुक्या मात्र तिकडे बघतच नव्हता. तो दोन्ही हातांनी भाकरी खात होता.